होळीच्या आत मुळं खाली गेली पाहिजेत

पुण्यात वारज्याला तळमजल्यावर राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरामागं १२ बाय १५ फुटांची मोकळी जागा आहे, माती इमारत बांधताना भरलेली. मागच्या वर्षी न्यू जर्सीत राहणाऱ्या बहिणीनं पाठवलेले व्हिडिओ बघून, ‘वसंतात लावणी करायची’ म्हणून त्यांनी मार्चच्या मध्यावर टोमॅटो, काकडी, दुधी, पालक आणि कोथिंबीर लावली. टोमॅटोला फुलं आली आणि गळून गेली. काकडीला नुसती फुलंच. दुधी बोटाएवढा होऊन पिवळा पडायचा. पालकाला तीन आठवड्यांत तुरा आला. पाणी रोज घालत होत्या. आता फेब्रुवारीचा पहिला आठवडा चालू आहे. यंदा काय लावू, कधी लावू, पाणी किती घालू आणि ही माती काढूनच टाकू का, असं त्या विचारतात.

ताई, गेली २२ वर्षं मी पुण्यात लोकांच्या परसात आणि गच्चीवर भाजी लावून देते. तुम्ही सांगितलेलं हे चित्र मी दर एप्रिलमध्ये कुठल्या ना कुठल्या घरी बघते. त्यातलं निम्म्याहून जास्त नुकसान एका तारखेमुळं झालेलं असतं.

तुमच्या बहिणीकडं वसंत म्हणजे गोठवणारी थंडी संपण्याचा काळ. तिथं एप्रिलअखेर, कधी मेच्या मध्यापर्यंत रात्री दव गोठतं, म्हणून टोमॅटोची रोपं घरात खिडकीपाशी वाढवतात आणि थंडी गेली की बाहेर लावतात. पुढं त्यांना चार महिने सौम्य ऊन मिळतं. आपल्याकडं वसंत हा उन्हाळ्याचा उंबरठा आहे. पुण्यात दुपारचं सरासरी तापमान जानेवारीत ३० अंशांच्या आसपास असतं, मार्चमध्ये ३५च्या वर जातं आणि एप्रिलमध्ये ३८ला टेकतं. म्हणजे तिकडं लावणीनंतर झाडाचे दिवस सुधारत जातात, इकडं ते दर आठवड्याला कठीण होत जातात. ‘होळी जळाली, थंडी पळाली’ हे आपण सहज म्हणतो, पण भाजी लावणाऱ्यासाठी ती मुदत आहे. होळीच्या आत झाडाची मुळं वीतभर खाली गेलेली असली पाहिजेत. ती गेली की एप्रिल सोसतो. होळीनंतर लावलेलं रोप वरच्या चार इंचांतच राहतं, आणि ती चार इंच माती दुपारी तव्यासारखी तापते.

आणखी एक गोंधळ तिकडच्या यादीमुळं होतो. मटार, कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, गाजर, पालक या त्यांच्याकडं वसंतातल्या भाज्या. आपल्याकडं त्या दिवाळीच्या सुमारास लावायच्या, हिवाळ्यातल्या. तुमच्या पालकाला तुरा आला तो याच कारणानं: दिवस मोठा होत गेला, ऊन वाढलं, आणि झाडानं पानं सोडून बियांची घाई केली. कांद्याचं त्याहून वेगळं. उत्तरेकडच्या देशांतल्या कांद्याच्या बऱ्याच जातींना गड्डा धरायला १४ तासांचा दिवस लागतो. पुण्यात जूनमधला सर्वांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आसपासच असतो. ते बी इथं कितीही जिवापाड वाढवलं तरी पातच देईल. म्हणून कुठलंही बी घेताना ते कुठल्या हंगामासाठी निवडलेलं आहे हे आधी विचारा.

टोमॅटोचं मात्र नीट सांगते, कारण ‘फुलं गळतात, काय फवारू?’ हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा येतो. टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागानं फळ धरतं, त्याला मधमाशी नसली तरी चालते, वाऱ्यानं देठ हलला की पुरतं. पण दिवसा ३२-३५ अंशांच्या वर आणि रात्री २२-२४च्या वर तापमान राहिलं की परागच निकामी होतो. फूल उमलतं, दिसायला अगदी निरोगी असतं, आणि तीन-चार दिवसांत देठाच्या सांध्यातून गळतं. त्यावर कुठल्याही टॉनिकचा उपाय नाही. खत वाढवलं तर पानं वाढतात, फुलं तशीच गळतात. पुण्यात उन्हाळी टोमॅटो खायचा असेल तर बी डिसेंबरात टाकायचं, रोपं जानेवारीत लावायची, म्हणजे फळधारणा मार्चच्या मध्याआधी उरकते. आज तुम्हाला रोपवाटिकेत महिन्याभराची धट्टीकट्टी रोपं मिळाली तर चेरी टोमॅटोची दोन घ्या, लहान फळांच्या जाती उष्णतेत जरा जास्त तग धरतात. बाकी टोमॅटोची जागा यंदा दुसऱ्या भाजीला द्या.

आता मातीकडं येते. ती काढू नका. ट्रकभर ‘लाल माती’ विकत आणून वर ओतणं हा सर्वांत महाग आणि बरेचदा निरुपयोगी उपाय असतो. ती माती कुठल्या डोंगराची, तिच्यात काय आहे, कोणालाच ठाऊक नसतं. तुमच्या जागेत खाली मुरूम, वर राडारोडा आणि काळी माती असं मिश्रण असणार. तीन वाफे करायचे आहेत, तेवढीच जागा एक फूट खोल खणा. विटांचे तुकडे, टाइल्स, तारा आणि विशेषतः सिमेंट-चुन्याचे गठ्ठे वेचून काढा. सिमेंट मातीत राहिलं की माती विम्लधर्मी (अल्कलाइन) होते आणि झाडाला लोह घेता येत नाही. नवं पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं दिसलं तर ते हेच. त्या वेळी लोक युरिया टाकतात आणि प्रश्न आणखी वाढवतात.

खणलेल्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून बघा. पहिलं पाणी जिरलं की पुन्हा ओता. दुसरं पाणी तीन-चार तासांत जिरलं तर निचरा ठीक आहे. दुसऱ्या दिवशी सकाळीही डबकं दिसलं तर खालचा थर पहारीनं फोडावा लागेल. मग खणलेल्या मातीत दोन इंच जाडीचा कुजलेल्या शेणखताचा किंवा कंपोस्टचा थर मिसळा. तुमच्या तीन वाफ्यांना साधारण अर्धा घनमीटर लागेल, सिमेंटच्या रिकाम्या गोणीनं १२ ते १४ गोण्या. शिवाय दर चौरस मीटरला दोन मुठी निंबोळी पेंड. शेणखत घेताना हात घालून बघा: आत गरम लागलं, शेणाचा वास आला, तर ते कच्चं आहे. कच्च्या शेणखतानं मुळं भाजतात आणि हुमणी (मुळं खाणारी अळी), वाळवी येते. शंका असेल तर एका कुंडीत ते भरून मेथीचे २० दाणे टाका. आठवड्यात १६-१७ नीट उगवले तर खत वापरायला हरकत नाही.

व्हिडिओत तुम्ही लाकडी चौकटीतले उंच वाफे पाहिले असतील. थंड प्रदेशात ते बरोबर आहेत, कारण उंच वाफा लवकर तापतो आणि पाणी धरून ठेवत नाही. आपल्याला उन्हाळ्यात नेमकं उलटं हवं. आपले शेतकरी पावसाळ्यात गादीवाफे करतात आणि उन्हाळ्यात सपाट वाफे, वेलांना आळी. तुम्हीही वाफा वाटेच्या पातळीवर किंवा दोन बोटं खालीच ठेवा आणि कडेनं बांध घाला. जूनच्या आधी त्याच मातीचा उंचवटा करून घ्या.

१२ फुटांच्या रुंदीत तीन-तीन फुटांचे तीन वाफे आणि मध्ये दीड-दीड फुटाच्या दोन वाटा अचूक बसतात. लांबी १२ फूट ठेवा, उरलेल्या तीन फुटांत पाण्याचा पिंप आणि पाला कुजवायचा खड्डा. तीन फुटांपेक्षा रुंद वाफा करू नका, मधल्या रोपापर्यंत हात पोचत नाही आणि मग आपण वाफ्यात पाय देतो. यातला पश्चिमेकडचा वाफा वेलांना द्या. तिथं सहा-साडेसहा फूट उंच मांडव किंवा उभी जाळी करा. मार्चअखेर त्यावर दोडका, कारली चढली की दुपारी तीननंतरचं सगळ्यांत बोचरं ऊन ती अडवतात आणि मधल्या वाफ्याला सावली देतात. मला शेडनेटपेक्षा ही सावली आवडते, कारण ती गरज वाढेल तशी दाट होते आणि तिला फळंही लागतात. शेडनेट घ्यावीच लागली तर ५० टक्क्यांची घ्या आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्याआधी बांधू नका. दुकानात ७५ टक्क्यांची सहज हाती देतात. तिच्याखाली भेंडी उंच, बारीक आणि वांझ राहते.

काय लावायचं? पश्चिमेच्या वाफ्यात दोडक्याचे दोन वेल, कारल्याचे तीन, दुधीचा एकच. दुधी एका कुटुंबाला एक वेल पुरून उरतो. त्याच जाळीच्या दुसऱ्या टोकाला काकडीचे चार वेल. मधल्या वाफ्यात भेंडीची २०-२५ झाडं, कारण पाच झाडं लावली तर एका वेळी चार भेंड्या मिळतात आणि भाजी कधीच होत नाही. गवारीची १५ आणि चवळीची १० झाडं. पूर्वेच्या वाफ्यात पालेभाज्या, मिरची आणि वांग्याची चार-चार रोपं.

जातींबद्दल एवढंच सांगते की भेंडीत परभणी क्रांती आणि अर्का अनामिका या दोन्ही केवडा (पानांच्या शिरा पिवळ्या पडणाऱ्या) रोगाला तोंड देण्यासाठी काढलेल्या जाती आहेत. पहिली परभणीच्या कृषी विद्यापीठाची, दुसरी बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची. राहुरीच्या विद्यापीठाची हिमांगी काकडी आणि फुले ग्रीन गोल्ड कारलं, दापोलीची कोकण सदाबहार चवळी, दिल्लीच्या पुसा संस्थेची नसदार दोडका आणि नवबहार गवार, ही सगळी सरळ वाणं आहेत. म्हणजे यांचं बी आपल्याला घरी धरता येतं. संकरित बियांचं पुढच्या वर्षी तसंच फळ येत नाही. विद्यापीठांच्या बीज विक्री केंद्रांत लहान पाकिटं मिळतात, पण भाव आणि साठा बघून जा. गावाकडं कोणाकडं घरचं बी असेल तर ते आधी मागा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२०ची पद्मश्री मिळाली ती असं घराघरातलं बी जपल्याबद्दलच.

बी पेरताना कारल्याचं आणि दोडक्याचं टरफल जाड असतं. रात्रभर कोमट पाण्यात भिजवून, ओल्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा, मोड दिसला की लावा. आता रात्री अजून थंड आहेत, त्यामुळं कारल्याला मोड यायला आठवडाही लागेल. धीर सोडून टाकून देऊ नका. डबा फ्रीजच्या मागं किंवा डाळ-तांदळाच्या पिंपाजवळ उबेला ठेवला तर लवकर येतो. भेंडी आणि गवार थेट वाफ्यात टोकायची, एका ठिकाणी दोन दाणे, बोटाच्या एका पेराएवढी खोल. वेलांची रोपं पिशवीत करणार असाल तर बियांतली पहिली दोन पानं आणि त्यानंतरचं एक खरं पान आल्याबरोबर लावा. काकडी-दोडक्याची मुळं दुखावली की वेल महिनाभर रुसून बसतो. काकडी आणि भेंडी आज पेरली तर मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात तोडायला येते, दोडका-कारली एप्रिलच्या सुरुवातीला. भेंडीचा दुसरा हप्ता महिनाअखेरीला पेरा. मार्चच्या मध्यानंतर मात्र नवीन वेल लावू नका; त्यानंतर पेरायची तर चवळी, गवार, माठ, अंबाडी.

पाण्याबद्दल तुम्ही ‘रोज घालत होते’ असं लिहिलं आहे. बहुतेक घरी रोजचं पाणी म्हणजे पाइपला बोट लावून दहा मिनिटांचा शिडकावा. वरची माती काळी होते, आपल्याला समाधान वाटतं. तीन तासांनी बोट खुपसून बघा, इंचभर खाली कोरडं असतं. मुळं पाण्यामागं जातात. पाणी वरच ठेवलं की मुळंही वर राहतात, आणि वरची माती भाजते. म्हणून फेब्रुवारीत दिवसाआड, पण भरपूर पाणी द्या. तुमचे तीन वाफे मिळून साधारण १० चौरस मीटर होतात. एप्रिलमध्ये माझ्या अनुभवानं दर चौरस मीटरला दिवसाला सहा लिटर लागतं, म्हणजे तुम्हाला ६० लिटर, २० लिटरच्या तीन बादल्या. फेब्रुवारीत निम्म्यात भागतं. बादलीनं मोजून एकदा घालून बघाच, म्हणजे पाइप किती वेळ धरायचा याचा अंदाज हाताला बसतो. वेळ सकाळी साडेआठच्या आत. दुपारी पानं मान टाकतात ते बघून घाबरू नका. संध्याकाळी सहाला ती उभी राहिली तर झाडाला पाणी पुरेसं आहे. सकाळीही मलूल असतील तर मात्र तहान खरी.

वेलांच्या वाफ्यात चार-चार फुटांवर मातीची मडकी गळ्यापर्यंत पुरा, रंग न दिलेली, साधी कुंभाराकडची. भरून वर झाकणी ठेवा. माती कोरडी झाली की मडकं पाझरतं, ओली असली की थांबतं. तुम्ही चार दिवस गावाला गेलात तरी वेल जगतो. माझ्या स्वतःच्या परसात गेल्या दहा वर्षांत मी काकडीला दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं पाणी दिलेलं नाही, आणि काकडी कडू होणं तेव्हापासून जवळजवळ थांबलं. पाण्याचा ताण आणि ऊन यांनीच ती कडू होते.

एक गोष्ट कळकळीनं सांगते: स्वयंपाकघरातल्या आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी झाडांना घालू नका. पाणी वाचवायच्या चांगल्या हेतूनं पुष्कळ घरी हे चालतं. त्या पाण्यात मूळ पाण्यातले सगळे क्षार उतरलेले असतात. बोअरवेलचं पाणी आधीच जड, त्याचं आरओनं टाकलेलं पाणी त्याहून कितीतरी जड. दोन महिन्यांत मातीवर पांढरा थर दिसतो, पानांच्या कडा करपतात. फरशी पुसायला ते वापरा. तांदूळ-डाळ धुतलेलं, भाज्या धुतलेलं पाणी मात्र निःशंक घाला.

आणि आच्छादन. आपल्याकडं निसर्गानं याची सोय किती नेमकी करून ठेवली आहे बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये शिरीष, साग, पिंपळ, करंज पानं गाळतात, नेमकं वाफ्याला झाकायला पाला हवा तेव्हा. सोसायटीतले लोक तो गोळा करून पेटवतात. सफाई करणाऱ्या मावशींना सांगून चार-पाच पोती मागून घ्या. रोपं वीतभर झाली की तीन-चार इंच जाडीचा थर पसरा, खोडाभोवती दोन बोटं जागा सोडून. रोजची पाण्याची पाळी दिवसाआडवर नक्की येते. पावसाळ्यापर्यंत तोच पाला कुजून मातीत जातो.

आता तुमच्या काकडी-दुधीच्या फुलांकडं. या सगळ्या वेलांना नरफुलं आणि मादीफुलं वेगळी येतात. नराच्या मागं नुसता बारीक देठ असतो, मादीच्या मागं इवलंसं फळ. पहिले दहा-पंधरा दिवस नरफुलंच येतात, तो दोष नाही. ऊन फार वाढलं आणि नत्र जास्त पडलं की नरांचं प्रमाण आणखी वाढतं. मार्चच्या मध्यावर लावलेल्या तुमच्या वेलांना फुलं आली ती एप्रिलच्या अखेरीस, पुण्याच्या सर्वांत तापलेल्या दिवसांत. म्हणून नुसती फुलं. आणि दुधी बोटाएवढा होऊन पिवळा पडला तो परागीभवन न झाल्यामुळं. त्याला रोग म्हणून औषधं फवारू नका.

इमारतींच्या मधल्या जागेत मधमाश्या कमी पोचतात, म्हणून हे काम आपण करायचं. पण वेळ सांभाळून. काकडी, कारलं, लाल भोपळा आणि घोसाळं यांची फुलं सकाळी उमलतात. सात ते नऊमध्ये नरफूल तोडून, पाकळ्या मागं सारून, मधला परागकोश मादीफुलाच्या मध्यावर हलके टेकवायचा. दोडका आणि दुधी मात्र संध्याकाळचे. त्यांची फुलं पाचच्या पुढं उमलतात, रात्री पतंग त्यांच्यावर येतात. दोडका आणि घोसाळं दिसायला सख्खी भावंडं, पण एकाचं फूल संध्याकाळी तर दुसऱ्याचं पहाटे. पुष्कळ जण सकाळी चहाचा कप घेऊन ब्रशनं दुधीच्या मिटलेल्या फुलाशी खटपट करतात आणि आठ दिवसांनी हरतात. तुम्ही दिवेलागणीला जा. एक नरफूल दोन-तीन मादीफुलांना पुरतं. जमलं की तिसऱ्या दिवशी फळ हिरवं, चकचकीत आणि मान वळवून लटकलेलं दिसतं.

दुधीचा शेंडा वेल सहा-सात फूट झाल्यावर खुडा. त्याची मादीफुलं बाजूच्या फांद्यांवर जास्त येतात. हीच खुडणी इंटरनेटवर सगळ्या वेलांना करायला सांगतात, ते चूक आहे. काकडीच्या पुष्कळ संकरित जाती मुख्य वेलावरच फळ धरतात, त्यांचा शेंडा खुडला तर पीकच गेलं.

फळ धरल्यावर पुढचा शत्रू फळमाशी. कोवळ्या कारल्या-दोडक्यात ती अंडी घालते, फळ वाकडं होतं, डिंकासारखा थेंब दिसतो, कापलं की आत अळ्या. यासाठी कामगंध सापळा (वासानं नर माश्यांना ओढून अडकवणारा) लावायचा, एवढ्या जागेला एक पुरतो. पण दुकानात नीट विचारा: आंब्याच्या माशीचा सापळा मिथाईल युजेनॉलचा असतो, वेलांच्या माशीला क्यू ल्युअर लागतो. चुकीचा लावला तर तो रिकामाच लटकत राहतो. किडकी फळं कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका, अळी मातीतच कोष करते. जाड प्लास्टिक पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर उन्हात ठेवा. फळ अंगठ्याएवढं झालं की जुन्या वर्तमानपत्राची पिशवी घालणं हा मला आवडणारा उपाय आहे, जरा वेळ जातो पण फळ हमखास हाती येतं.

रोपं दोन पानांवर असताना नारिंगी-लाल भुंगेरे पानांची चाळण करतात. सकाळी ते सुस्त असतात, हातानं वेचून साबणाच्या पाण्यात टाका. चवळीवर काळा मावा येणारच. पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुवा. त्यात काळपट, लांबट, केशरी ठिपक्यांच्या अळ्या दिसल्या तर हात लावू नका, त्या ढालकिड्याच्या (लेडीबर्डच्या) आहेत आणि मावाच खातात. एप्रिलमध्ये कोरड्या हवेत भेंडी-वांग्याच्या पानामागं लाल कोळी येतो, त्यालाही पानाच्या खालून पाणीच. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या जाळीसारख्या दिसायला लागल्या की तो केवडा, पांढरी माशी पसरवते; ते झाड औषध न करता उपटा. मिरचीची पानं द्रोणासारखी वळली तर फुलकिडे किंवा कोळी. तिथं निंबोळी अर्क चांगला: ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, चिमूटभर साबण घालून संध्याकाळी फवारा. उन्हात फवारला तर त्यातला कडू अंश लवकर नासतो.

पालेभाज्यांत माठ, पोकळा, अंबाडी आणि मायाळू. माठ २५-३० दिवसांत कापणीला येतो आणि ऊन त्याला मानवतं. मुळा हवाच असेल तर पुसा चेतकी ही उन्हाळ्यातली जात. कोथिंबीर वेलांच्या सावलीत थोडी-थोडी, दर पंधरा दिवसांनी. मिरची-वांगी मेमध्ये रुसली तरी काढू नका. पाला-पाणी सांभाळा, पहिल्या पावसानंतर छाटली की पुन्हा बहरतात.

दुधीबद्दल एक सावधगिरी घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. चिरल्यावर एक छोटा तुकडा जिभेला लावून बघायचा. कडू लागला तर लगेच थुंकून पूर्ण दुधी टाकून द्यायचा, भाजी नाही, रस तर मुळीच नाही. कडू दुधीच्या रसानं माणसं दगावलेली आहेत, आणि शिजवल्यानं तो विषारी कडवटपणा जात नाही. दोडक्यालाही हाच नियम. कंपोस्टमध्ये आपोआप उगवलेला दुधीचा वेल मी वाढवत नाही, त्याचा बाप कोण हे कळत नाही.

म्हणून या आठवड्यात तुम्ही दोनच कामं करा: वाफे खणून खत मिसळा आणि कारल्या-दोडक्याचं बी भिजत घाला. माती बसायला पाच-सहा दिवस लागतील, तेवढ्यात मोड येतात.

मागच्या वर्षीचं टोमॅटोचं जे अर्धं पाकीट उरलं आहे म्हणता, ते फेकू नका. घट्ट झाकणाच्या डबीत, कापडाच्या पुरचुंडीत चमचाभर भाजलेले तांदूळ ओलावा शोषायला ठेवून, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. टोमॅटोचं बी असं तीन-चार वर्षं टिकतं. मेच्या मध्याला त्यातले दहा दाणे ओल्या फडक्यात घालून बघा. सात उगवले तर महिनाअखेरीला, वेलांच्या सावलीत, ट्रेमध्ये बी टाका. जूनच्या अखेरीस रोपं लावाल, आणि ऑगस्टपर्यंत रात्री पुरेशा थंड झालेल्या असतील.